पेवातलं गाणं

“दोर कोण धरणार?” सरकारांनी विचारलं.

वाड्यामागच्या माळावर, ऐन दुपारी, अख्खं हिवरखोप जमलं होतं. पण सगळे इतके लांब उभे, की मधे कुणी रेघ ओढून ठेवली असावी. रेघेपलीकडे पेवाचं तोंड उघडं होतं. पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेली खोल विहीरच. तोंड एवढंसं, एक माणूस अंग चोरून उतरेल असं, आणि पोट मात्र आत घरभर. तोंडावरची फरशी वाड्याच्या गड्यांनी आदल्या सकाळी सरकवली होती, आणि सरकवून जे पळाले ते पुन्हा तिकडे फिरकले नव्हते.

“माझी माणसं धरतील,” दिवाणजी म्हणाले.

“नाही. दोर गाव धरील.”

तेव्हा माझा चुलता, बयाजीकाका, रेघ ओलांडून दोन पावलं पुढं आला. “दोर आमच्या हातात? आन् उतरनार कोन?”

“मी,” सरकार म्हणाले.

लोकांत कुजबुज झाली. दिवाणजींचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. “सरकार, या लोकांचा काय भरवसा?”

“त्यांनी आपला भरवसा धरला होता, दिवाणजी. त्याचं काय झालं ते तुम्ही याच जागी उभं राहून पाहिलंत.”

जे झालं ते मीही याच जागी पाहिलं होतं. या पेवात शेवटचा उतरलेला माणूस माझा बाप येसबा होता.

तेव्हा मी परकरात होते. थोरल्या सरकारांचा अंमल. खळ्यावर रास पडली, की वाड्याच्या गाड्या यायच्या आणि आमच्या वाट्याला भुसा उरायचा. ते धान्य पेवात जायचं, आणि लागेल तेव्हा ते वर काढायला आमच्यातलाच कुणी वेठीला धरून उतरवायचे. बंद पेवात कुबट, विषारी हवा साठते. म्हणून आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्यांची एक रीत होती. दुपारी ऊन डोक्यावर आलं, उजेड सरळ आत पडू लागला, की उतरायचं. उतरणाऱ्यानं सारखं गात राहायचं. गाणं चालू आहे तोवर दोराला हिसका द्यायचा नाही, आणि गाणं थांबलं की क्षणही न दवडता ओढायचं. पेवाच्या तोंडाशी पालथं पडून ते गाणं ऐकायचं काम उतरणाऱ्याच्या रक्ताच्या माणसाचं. त्याला आम्ही ‘कान लावणं’ म्हणत असू. परक्याचं लक्ष उडतं. लेकीचं उडत नाही.

आप्पासाठी मी कान लावला होता. त्याच्या भलऱ्या, शेतात काम करताना म्हणायची गाणी, साऱ्या गावाला पाठ होत्या, पण एक त्यानं माझ्यासाठी रचली होती. मला घरीदारी सगळे सगुणा म्हणत. साळुंकी म्हणणारा तो एकटाच.

कणसाला आला भार, आला भार गं,
बाप आला दारी, साळुंके, उघड दार गं!

त्या दिवशी खालून तीच भलरी येत होती. ‘बाप आला दारी, साळुंके…’ इथवर आली आणि तुटली. मी जीव खाऊन ओरडले, “ओढा!” पण दोर वाड्याच्या गड्यांच्या हातात होता, आणि गडी दिवाणजींच्या तोंडाकडं बघत होते. दिवाणजींनी छत्रीखाली बसलेल्या थोरल्या सरकारांकडं पाहिलं. थोरले सरकार म्हणाले, “थांबा. पाटी भरू दे.” काका दोराकडं धावला तर चौघांनी त्याला जमिनीवर दाबून धरला. मी ओरडतच राहिले. शेवटी ओढलं तेव्हा पाटी अर्धीच भरली होती, आणि आप्पा संपला होता.

फरशी लावली ती लावली. पुढं कुणी उतरेना, चाबूक ओढला तरी उतरेना. गावात म्हणू लागले, येसबाचा देह वर आला, पण गाणं खालीच राहिलं. भर दुपारी माळावरून गेलेले गुराखी शपथेवर सांगायचे, फरशीखालून कुणी गुणगुणतं. लोक ती वाट टाळू लागले. मी मात्र लग्न होऊन सासरी जाईपर्यंत कितीदा तरी चोरून तिथं जाऊन बसले. मला कधीच काही ऐकू आलं नाही. दुसऱ्यांना भीती वाटायची ती आवाजाची; मला वाईट वाटायचं ते आवाज न येण्याचं.

पुढं थोरले सरकार गेले आणि त्यांचे चिरंजीव, हैबतराव, शहरातलं शिक्षण आटपून गादीवर आले. नेमका तेव्हाच दुष्काळ पडला. मी पहिल्या बाळंतपणाला काकाच्या घरी आले होते. घरात बरबड्याच्या, म्हणजे रानगवताच्या, बियांची काळी भाकरी, तीही एक वेळ. माझं दूध आटलं. लेक आधी रडायची. मग रडायचीही थांबली, आणि नुसती टकामका बघत राहायची. रडणारं पोर बरं हो, बघणारं पोर बघवत नाही.

हैबतरावांनी वाड्याच्या दारात कण्यांची कढई चढवली. गावातलं एक माणूस गेलं नाही. कढई संध्याकाळी कुत्र्यांनी चाटली. का, तर थोरल्या सरकारांनी एकदा अशीच पंगत घातली होती, आणि जेवलेल्या घरांतला एकेक माणूस अख्खा उन्हाळा तळ्याच्या बांधावर वेठीला राबवला होता. त्यातले काही परत आले नाहीत. पुढं आप्पा गेला त्या दिवशी, वाड्याचा दाणा तोंडात घालायचा नाही, अशी गावानं आण घेतली होती. नवे सरकार घरोघर हिंडले, लहानथोरांना ‘अहो-जाहो’ करू लागले, तर गाव जास्तच बिचकलं.

“आज्यानं दरडावून लुटलं, बापानं मारून लुटलं,” काका म्हणायचा, “आता नातू आर्जवं करून लुटंल. तवा सावध ऱ्हावा.”

“पर काका, पोर मरंल माझी.”

“ही आन तुझ्या बापाच्या मढ्यावर घेतलीया, सगुणे.” असं म्हणून तो उठून बाहेर जायचा. माझ्यासमोर बसणं त्यालाही जड जात होतं.

आणि मग दवंडी आली, की सरकार पेव उघडणार आहेत. त्या दिवशी माळावर सरकार म्हणाले ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. “वाड्याचं कोठार संपलं. यात आहे ते माझं नाही, तुमच्या खळ्यांवरून उचललेलं आहे. तुमचं तुम्ही घ्या. शेवटचा माणूस माझ्या वडिलांनी उतरवला, म्हणून आता पहिला मी उतरतो.”

काकानं दोर उचलला, बोटांनी चाचपला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते साऱ्या गावाला दिसत होतं. इतक्या वर्षांनी थोरल्या सरकारांचं रक्त त्याच्या दोराच्या टोकाला बांधून घ्यायला स्वतःहून आलं होतं.

“दोर धरतो,” तो म्हणाला. “पर कान कोन लावनार?”

सरकारांना ते ठाऊक नव्हतं. दिवाणजींनी खालमानेनं रीत सांगितली.

“माझं रक्ताचं इथं कुणीच नाही,” सरकार म्हणाले.

“मग उतरू नगा.”

“मी लावते कान,” मी म्हणाले.

काका गर्रकन वळला. “सगुणे! तू लेक कुनाची, इसरलीस?”

“इसरले असते तर म्होरं आले नसते.”

खोटं कशाला सांगू, मला सरकारांचा पुळका आला नव्हता. माझ्या डोळ्यांपुढं ती टकामका बघणारी पोर होती. लेक काकूच्या मांडीवर दिली, पदर खोचला आणि पेवाच्या तोंडाशी जाऊन पालथी पडले. वरून ऊन पाठ भाजत होतं आणि खालून तोंडावर गार श्वास येत होता. त्याला आंबलेल्या ज्वारीचा वास होता.

सरकारांनी आधी कंदील सोडून पाहिला. तो खालपर्यंत जळत गेला; पण अंधाऱ्या कोपऱ्यांतली हवा कंदिलाला कळत नाही. मग त्यांनी दोर कमरेला बांधला, धान्याची पाटी खाली लोंबती बांधून घेतली. “मला गाणं येत नाही हो बाई,” ते मला हळूच म्हणाले. “रोजची आरती तेवढी येते.”

“चालंल. द्येव काय सूर तपासत न्हाई.”

ते हसले, आणि तोंडातून आत गेले.

असा बेसूर आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. पण खणखणीत होता. आरती खाली खाली जात राहिली, मग पाय दाण्यात रुतल्याचा खसखस आवाज आला. तळाशी उजेडाचा एक गोल कवडसा पडला होता. सरकार त्यातून पलीकडं अंधारात सरकले आणि दिसेनासे झाले. आरती चालूच होती. मागं दोर धरून काका आणि गावातले चौघे गडी उभे होते. तिथवर शब्द पोचत नव्हते, नुसता घुमारा पोचत होता.

आरतीचं एक कडवं झालं. दुसरं जरा रेंगाळलं. मग त्यांनी एकच ओळ दोनदा म्हटली, माणूस झोपेला आला की म्हणतो तशी. मी तोंड उघडलं, ओरडणार होते. पण आवाज थांबला नाही. जिथं आरतीचा शब्द विरला, तिथूनच दुसरं काहीतरी सुरू झालं. खालच्या पट्टीत, छातीतल्या छातीत, हात कामात गुंतले असताना माणूस गातो तसं.

मला वाटलं, यांनाही भलरी येते की.

आणि मग शब्द कानावर पडले.

कणसाला आला भार, आला भार गं…

माझ्या अंगावर भर उन्हात काटा आला. तो आवाज कुणाचा हे मला कुणी सांगायला नको होतं. त्याच आवाजानं मला झोपवलं होतं, उठवलं होतं, जत्रेत हरवले तेव्हा शोधून काढलं होतं. आत पाटीत दाणे पडत होते. ओंजळ, मग ओंजळ, गाण्याच्या ठेक्यावर. मी हलू शकत नव्हते. इतकी वर्षं ज्यासाठी त्या फरशीवर येऊन बसत होते ते शेवटी ऐकू येत होतं, आणि ते थांबूच नये असं मला वाटत होतं.

बाप आला दारी, साळुंके…

इथं ते त्या दिवशी तुटलं होतं. मी श्वास धरला. या वेळी तुटलं नाही.

…साळुंके, ओढ दोर गं.

“ओढा!” मी किंचाळले.

गड्यांनी दोर आवळला, पण काकानं हात वर केला. “थांबा रं! घुमतंय की अजून. गानं चालू हाय.”

“ते सरकारांचं न्हाई, काका! ओढा!”

“मग कुनाचं?”

“आप्पाचं!”

एका गड्यानं भीतीनं दोर सोडला. काका तसाच उभा होता, ओठ पांढरे, दोर मुठीत. आणि पेवातून घुमारा येतच होता. रीत त्याच्या बाजूनं होती. गाणं चालू असताना ओढलं नाही म्हणून त्याला कुणी बोल लावला नसता, सरकारदरबारीही नाही अन् देवादारीही नाही. मी पेवाच्या तोंडावरून उठले आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“काका, माझी हाक या जागी एकदा वाया गेलीया. आता तू नगंस वाया घालवू.”

तो माझ्याकडं बघत राहिला. त्याला काय दिसलं कोण जाणे. परकरातली पोर दिसली असावी. मग त्यानं पाय रोवले आणि असा हंबरला, की सोडून गेलेला गडीही धावत परत आला. “वढाऽऽ!”

“लई जड हाय,” एक गडी धापा टाकत म्हणाला. “एका मानसाचा भार न्हाई हा.”

“बोलू नगंस. वढ.”

सरकार वर आले ते मान टाकलेलेच. ओठ जांभळाच्या रंगाचे, हात लुळे. निंबाखाली निजवून पाणी मारलं, छाती चोळली; दिवाणजी तर पोरासारखे रडू लागले. काकानं शेवटी सरकारांच्या मुस्कटात एक ठेवून दिली. हिवरखोपात वाड्याच्या माणसावर उठलेला तो पहिला हात, आणि त्या हातानं जीव परत आणला. सरकार खोकले, ओकले, डोळे उघडले.

“तो वर आला का?” त्यांनी विचारलं.

“कोन, सरकार?”

“माझ्यामागून जो उतरला तो. मी दुसऱ्या कडव्यालाच गुडघ्यावर आलो. हात उचलत नव्हता. तेवढ्यात कुणीतरी शेजारी येऊन बसलं, अगदी हाताच्या अंतरावर. गात होतं. मला वाटलं, तुम्ही कुणाला पाठवलंत.”

सगळ्यांच्या नजरा दोराखाली बांधलेल्या पाटीवर गेल्या होत्या. ती काठोकाठ भरली होती, वर शीग लावून. पेवातली ज्वारी काळवंडते, तशी ती काळवंडली होती. पण दाणा टणक होता.

“मी पाटीला हातही लावला नाही,” सरकार हळू म्हणाले.

आमच्या रीतीनं पेवातली पहिली पाटी उतरणाऱ्याची असते. थोरल्या सरकारांनी ती कधी कुणाला दिली नाही; आप्पाची अर्धी पाटीसुद्धा वाड्यातच गेली होती. सरकारांना बसतं केल्यावर काकानं ती पाटी उचलून त्यांच्यापुढं ठेवली. मग त्यांनी माझं नाव विचारलं, माझ्या बापाचं विचारलं, आणि पाटी माझ्याकडं सरकवली.

“ही येसबांची. यायला फार उशीर झाला, बाई.”

मी पाटी डोक्यावर घेतली. मागं वळून पाहिलं नाही. घरी जाऊन जातं मांडलं, आणि दळताना पहिल्यांदा आप्पासाठी मोकळं रडले. ती भाकरी कडवट होती, कुबट होती. मी खाल्ली, काकूनं खाल्ली, काकानं दारात बसून, सगळ्या आळीला दिसेल असं दाखवून खाल्ली. लेकीला पेज भरवली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा रडायला लागली. तसं गोड रडणं मी नंतर ऐकलं नाही.

पण एका पाटीनं गाव जगत नाही. त्या दुपारी पुन्हा सगळे माळावर आले, आणि या वेळी मधे रेघ नव्हती. सकाळपासून निंबाचे टहाळे दोराला बांधून पेवात वरखाली करून हवा खेळवली होती. सरकार पुन्हा उतरायला निघाले, तर काकानं त्यांना हातानं मागं सारलं.

“तुमचं गानं आयकून पेवातली ज्वारी आंबंल, सरकार. मी उतरतो.”

लोक हसले. दुष्काळ सुरू झाल्यापासून गावात कुणी हसलं नव्हतं.

दोराचं टोक कमरेला बांधता बांधता काका मला एका बाजूला घेऊन गेला. त्याचा चेहरा आता हसरा नव्हता. “सगुणे, रातभर डोळा लागला न्हाई माझा. येक इचारतो. गानं चालू असंल तर वढायचं न्हाई, ही रीत येसबाला ठावं होती. सरकार गप झाला आन् येसबा गाऊ लागला. का? आमी वढू नये म्हनून? बापाचा सूड पोरावर घेत व्हता का त्यो?”

तो प्रश्न मलाही रात्रभर छळत होता. मी जातं ओढत होते तोवर तोच, पोरीला भरवत होते तोवर तोच. पहाटे पोर रडली तेव्हा कुठं मला उत्तर सापडलं होतं.

“सूड घ्यायचा असता, काका, तर त्यानं माझं नाव घेऊन ‘ओढ दोर’ कशाला म्हटलं असतं?”

काकानं मुंडाशाच्या टोकानं डोळे टिपले. मग गेला तो सरळ सरकारांपुढं गेला, आणि दोराचं दुसरं टोक त्यांच्या दोन्ही हातांत दिलं. त्यानं दुसरा कुणी गडी मागितला नाही. सरकारांनी डोळ्यांनीच विनवलं तेव्हा कालचे चौघे गडी त्यांच्या मागं दोराला लागले.

“हिनं हाक दिली की वढायचं,” काका त्यांना म्हणाला. “पाटी भरू द्या, न भरू द्या.”

“बाईंची हाक आली की ओढीन,” सरकार म्हणाले.

मी पेवाच्या तोंडाशी पालथी पडले. काका गात खाली उतरला. दाणे पाटीत पडू लागले. मी कान अगदी तळापर्यंत नेला, अंधारातला कोपरा न् कोपरा ऐकला. पेवात एकच आवाज होता, काकाचा. दुसरा कुणी तिथं उरला नव्हता. मला सुटल्यासारखं वाटलं आणि पोरकंही वाटलं, आणि मी तशीच, ऊन पाठीवर घेत, पाटी भरेपर्यंत ऐकत राहिले.